दीड हनुवटीची देवी

बाईच्या दंडाकडे इतक्या निर्मळ मनाने पाहणारा दुसरा पुरुष मी पाहिलेला नाही, आणि त्या पाहण्यापायी मार खाता खाता इतक्या वेळा वाचलेलाही पाहिलेला नाही. काकाजी देवी घडवायचे. अड्याळमध्ये आमच्या घराच्या भिंतीला लागूनच त्यांचा मांडव होता, वर कौलं, तीन बाजूंनी बांबूचे तट्टे. गणपतीही करायचे, पण तोंडदेखले. "गणपतीचं काय, पोट देलं का झाला," असं म्हणून मोकळे व्हायचे. खरा जीव नवरात्रातल्या दुर्गेत आणि शारदेत.

त्यांच्या मते देवी आकाशातून येत नाही, आठवडी बाजारातून येते. पोळा झाला की ते बाजारात जायचे, ते भाजी घ्यायला नाही. वांग्यांच्या ढिगापुढे उभे राहायचे आणि वांगी सोडून वांगीवालीच्या मनगटाकडे पाहायचे. एकदा तलावावरच्या मासोळ्या विकणाऱ्या बाईपुढे असेच ठाण मांडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, जरा हात वर करजो."

बाई नवऱ्याबरोबर जाळं ओढणारी होती. तिने हात वर केला, पण त्या हातात शेपटीने धरलेली दीड किलोची मासोळी होती.

"काहून रे बुढ्या? मासोळी घ्याची आहे का डोळे शेकाचे आहेत?"

काकाजी भारावून म्हणाले, "वा! अस्साच धर. त्रिशूळ अस्साच पायजे."

मागून काकी धावत आल्या. काकी म्हणजे काकाजींची बायको. बाजाराच्या दिवशी त्या नवऱ्याच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालायच्या, ते मर्यादेपायी नाही, भांडण सोडवायला. "देवीचं माप घेऊन राहिले वो बाई," त्या हात जोडून म्हणाल्या, "वाईट नोको मानजो."

बाईने क्षणभर विचार केला. "मंग पाय बाप्पा," ती म्हणाली, "पण मासोळी घेऊन पाय."

तेव्हापासून दर बाजाराला काकाजी मासोळी घेऊन यायचे. आता देवीचं काम सुरू असताना त्यांच्या घरी मासोळी शिजत नसे, त्यामुळे ती भिंतीवरून आमच्याकडे यायची. भाद्रपदभर आम्ही देवीच्या कृपेने मासे खाल्ले. त्यातले बहुतेक माझ्या अंगाला लागले.

हे सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी गोष्ट अंगाला लागण्या-न लागण्याचीच आहे. मी लहानपणापासून जाड. हळूहळू, समजुतीने, घरच्यांना सवय होईल अशी जाड होत गेले. काकी त्याच्या उलट. गळ्याची हाडं वर आलेली, दंडावर शिरा, मनगट एवढंसं की माझ्या दोन बोटांत मावायचं. आम्ही दोघी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलो की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठी टेकत समोरून जायची. आम्ही सगळे तिला मोठीमाय म्हणायचो. ती थांबायची, आधी काकींकडे पाहायची.

"खात जाय वो माय जरा."

"खातो ना वो," काकी म्हणायच्या, "आंगाले लागत नाही."

मग मोठीमाय माझ्याकडे वळायची. "अन् तू नोको खात जाऊ."

हा संवाद मी किमान पंधरा वर्षं ऐकला. शब्दही बदलला नाही. आणि फक्त मोठीमायच नव्हे. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे काकाजींच्या वडिलांनी, म्हणे दारातच विचारलं होतं, सून आणली का सुनेची सावली आणली. गल्लीत कुणाही बाळंतिणीला भेटायला आलेल्या बाया बाळाऐवजी काकींकडे पाहून चुकचुकायच्या. त्या काळात बारीक बाई म्हणजे सासरची बदनामी. घरात खायला नाही की काय, असं लोकांना वाटायचं. काकींनी कधी जादा तूप खाऊन पाहिलं, कधी दोन लुगडी एकावर एक नेसून पाहिली. लुगड्यांचा उपाय उन्हाळ्यात सोडावा लागला.

एकदा मांडवात कुणी नसताना त्या मला म्हणाल्या होत्या. समोर काकाजींची भरल्या अंगाची शारदा वाळत होती आणि काकी तिच्याकडे पाहत होत्या. "चाळीसेक देवी केल्या असंन यायनं," त्या म्हणाल्या. "बाजारातल्या साऱ्या बायायचे हात देवीले लागले. एखादी माझ्यावानी असती तं?" मग स्वतःच हसल्या. "पन मंग तिले नवस कोण बोलंन? लोक म्हनतीन पहिले तूच खाऊन घे बाप्पा." एवढंच. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही, पण मी तो विसरले नाही. जाड मुलींना अशा गोष्टी लक्षात राहतात.

काकाजींची मापं घ्यायची रीत त्यांची स्वतःची होती. टेप नाही, पट्टी नाही, कागद नाही. सुतळी. दंडाला सुतळी लावायची, जिथे टोक येईल तिथे गाठ. मनगटाला दुसरी गाठ. गळ्याला तिसरी. अशी एका बाईची एक सुतळी व्हायची. ती मांडवातल्या खुंटीला अडकवली जायची आणि देवी झाली तरी तिथेच राहायची. खुंटीवर सुतळ्यांचा हा मोठा झुबका होता. कुठली सुतळी कुणाची, हे फक्त त्यांना माहीत. गावातल्या बायांना मात्र उत्सुकता फार. नवरात्रात ओटी भरायला आल्या की देवीचा कोपर निरखायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या. "तुहाच आहे वो." "माझा कायचा, तुहा." त्या नऊ दिवसांत गावात कोपरांवरून जेवढी भांडणं व्हायची तेवढी शेताच्या धुऱ्यांवरूनही होत नसतील.

तोंडासाठी साचे होते. तीन. एक त्यांच्या आजोबांचा, एक वडिलांचा, एक त्यांचा. काकाजी ते साचे आम्हाला ओळीने दाखवायचे आणि प्रत्येकावर व्याख्यान द्यायचे.

"हे पाय. आज्याची देवी. दोन हनुवट्या. तवा दुष्काळ लय पडे, म्हनून लोकायले भरली देवी पायजे होती. हे बाबाची. दीड हनुवटी. अन् हे माझी. एक. पन एक असली तरी भक्कम आहे."

"आणि आता पुढची?" मी विचारायची.

"पुढची अर्धी," ते कपाळावर हात मारून म्हणायचे. "तिच्या पुढची बिनहनुवटीची. मंग तोंड उघडता आलं नाही म्हंजे नवस कसा आयकंन?"

ऐकायचं तोंडाने नसतं हे त्यांना सांगायची सोय नव्हती. देवीच्या शरीरशास्त्राबाबत काकाजी कुणाचं ऐकत नसत. पोट आधी, डोळे शेवटी. पोट भरल्याशिवाय डोळे उघडले की देवीला घेरी येते, असं त्यांचं म्हणणं. पोट भरायचं म्हणजे धानाचं तणस, भाताचा पेंढा. लाकडी सांगाड्याला तणस गुंडाळायचं, सुतळीने आवळायचं, त्यावर तलावाची माती चढवायची. तणस कोंबताना ते देवीशी बोलायचे. "अजून एक घास घे. अजून एक. उद्यापासून उभंच राहाचं आहे तुले."

माझ्या लग्नाच्या वेळची गोष्ट. बघायला लाखांदूरकडची मंडळी आली होती. नवरात्राच्या आधीचे दिवस. मुलाची आत्या होती, तिने मला उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं, आणि शेवटी पोह्यांच्या बशीकडे पाहत म्हणाली, "मुलगी छान आहे. जरा हेल्दी आहे."

आमच्याकडे ही मंडळी फार सभ्य झाली आहेत. पूर्वी सरळ जाडी म्हणायची. मी आत गेले आणि पीठ चाळायला लागले, कारण नसताना.

जाता जाता आत्याबाईंना शेजारचा मांडव दिसला. देवीचं काम चाललंय म्हटल्यावर सगळे आत शिरले. शारदेला शेवटची माती लागली होती. ओली, काळी, भरल्या दंडांची. आत्याबाईंनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. "काय रूप आहे! काय भरलेली आहे! डोळे निवाले," त्या म्हणाल्या.

काकाजी मातीच्या हातांनी पुढे आले. "आवडली का जी?"

"म्हणजे काय! साक्षात आहे."

"हे दंड पायले?"

"सुरेख."

"तुमी आता जे पोरगी पाहून आल्या ना, तिचे होत. कालच माप घेतलं."

आत्याबाईंचे हात अजून जोडलेले होते. काय करावं त्यांना कळेना. सोडले तर देवीचा अपमान, ठेवले तर माझा मान. त्या तशाच हात जोडून मांडवातून उलट्या पावलांनी बाहेर गेल्या आणि जीपमध्ये बसेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत, असं माझा भाऊ अजून सांगतो.

स्थळ अर्थातच गेलं. त्यात आणखी गंमत अशी की काकाजींनी माझं माप घेतलेलंच नव्हतं. साफ खोटं बोलले होते. देवीच्या पुढ्यात खोटं बोललो या काळजीने त्यांना जेवण गोड लागेना. दुपारी सुतळी घेऊन आमच्या अंगणात आले. "माय, हात दे. बोललेलं खरं करा लागते." दंडाला सुतळी लावली, गाठ मारली आणि मांडवात जाऊन शारदेला लावून पाहिली. मग माझ्या आईला ओरडून सांगितलं, "दोन बोटं शारदेचाच कमी पडते वो! वाढवतो!" आणि तिच्या दंडाला आणखी माती चढवली. त्या वर्षी मी शारदेसमोर जरा ताठ उभी राहिले. पुढे ज्यांच्याशी माझं लग्न झालं त्यांना हेल्दीचा अर्थ निरोगी असा वाटतो. त्यांना कुणी दुसरा सांगितला नाही आणि मीही सांगणार नाही.

मी लाखांदूरला शाळेत शिकवायला लागले. रविवारी एसटीने माहेरी चक्कर व्हायची. गावं बदलत होती. बाजारातल्या बायांकडे मोबाइल आले, मोबाइलमध्ये फोटो गोरे-निमुळते करून देणारी सोय आली. माझ्या आठवीतल्या मुली डबा अर्धा ठेवायला लागल्या. जी मुलगी माझ्या लहानपणी सगळ्यांत देखणी ठरली असती तिला वर्गात 'टम्मी' म्हणायला लागल्या. मी चिडून एकदा तासभर व्याख्यान दिलं. मुलींनी माझ्याकडे पाहून आदराने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी डबा पाऊण ठेवला.

त्याच सुमाराला एका रविवारी मी मांडवात बसले असताना मंडळाची पोरं आली. पोरं म्हणजे पंचविशीतली, पाच जण. पुढारी पोराने मोबाइल काढला.

"काकाजी, यंदा या टाइपची पायजे."

मोबाइलवर कॉम्प्युटरने केलेली दुर्गा होती. कंबर मनगटाएवढी, हनुवटी सुईसारखी, डोळे अर्ध्या चेहऱ्याचे. काकाजींनी मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"हिचं जेवण झालं का?" त्यांनी विचारलं.

"काकाजी, मजाक नाही. स्लिम पायजे. लोक सेल्फी काढतेत. फोटोत आपली देवी जाडी येते. मागच्या साली बाजूच्या गाववाले हासले."

"अरे, आठ हात आहेत तिले! अशी कंबर कशी पेलंन? मोडून पडंन बिच्चारी. बारीक बाईले वजन झेपत नाही. सांग वो तू यायले."

हे शेवटचं काकींना. त्या कोपऱ्यात पदर खोचून पायाने माती तुडवत होत्या. बाजारात असो की मांडवात, नवऱ्याची बाजू सावरायची त्यांची सवयच. पण त्या दिवशी त्यांनी पाय थांबवला नाही आणि मानही वर केली नाही.

"बनवा ना," त्या म्हणाल्या. "बारीक असनं काही पाप नोहे."

काकाजी वळून पाहत राहिले. "अवो, पेलंन का ते आठ हात?"

"हे माती कोणं वायली जी तलावातून? चाळीस साल झाले. घमेलं कोणाच्या डोक्शावर होतं? तुमच्या भरल्या बाया आल्या होत्या का वायाले?"

पोरं चप्पल शोधायला लागली. काकाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "यंदा बारीक करतो. या तुमी."

बोलले खरं, पण हात ऐकेनात. पुढच्या रविवारी गेले तर सांगाड्यावरची देवी माझ्या कमरेची झाली होती. काकाजी लाजून म्हणाले, "कोंबल्या जाते माय. सवय आहे हाताले." त्याच्या पुढच्या रविवारी ती पुन्हा बारीक. त्यानंतर पुन्हा जाड. मला वाटलं हवा बदलते तशी देवी फुगते-आटते. मग कळलं की काकाजी दुपारभर तणस कोंबतात आणि सकाळी ते अंघोळीला गेले की काकी मूठ मूठ तणस उपसून काढतात आणि गाईपुढे टाकतात. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. गाय मात्र त्या पंधरवड्यात चांगली गरगरीत झाली.

शेवटी एका सकाळी काकाजी टॉवेल विसरले म्हणून परत आले आणि काकी देवीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभ्या सापडल्या. मी दारातच होते.

"काय करून राहिली वो?"

"तुमी काय करून राहिले जी? अशीच भरत राहिली तं सिंहाची पाठ मोडंन!"

"मापाशिवाय माझा हात चालत नाही. मले माप पायजे!"

"मंग घ्या." काकींनी तणस खाली टाकलं आणि डावा हात पुढे केला. दवाखान्यात सुई टोचून घेताना करतात तसे डोळे घट्ट मिटले. "घ्या माझं. मी काय बाजारात राहतो का? इथंच हावो."

काकाजी ओल्या अंगाने तसेच उभे राहिले. खरं सांगते, मला वाटलं आता काहीतरी थट्टा करतील आणि सगळं बिघडवतील.

"कायले घेऊ?" ते हळूच म्हणाले. "हाये."

ते खुंटीशी गेले. सुतळ्यांचा झुबका उतरवला. एकेक बाजूला करत गेले. सगळ्यांच्या खाली, लाकडाला चिकटून बसलेली एक सुतळी होती. धुराने काळी झालेली, गाठी दगडासारख्या. ती त्यांनी काकींच्या दंडाला लावली. गाठीला गाठ बसली. मनगटाला लावली. तिथेही बसली. एवढ्या वर्षांत एका बोटाचा फरक नव्हता.

काकींनी डोळे उघडले. "कवा घेतलं?"

"तू आली त्याच साली. तापानं पडली होती, चेत नव्हता तुले. तवा."

"मी समजत होतो तुमी उशाशी बसून देवाचं नाव घेऊन राहिले! अन् तुमी माप घेऊन राहिले होते?"

"दोन्ही करत होतो."

"मंग केली काहून नाही जी? इतके साल?"

काकाजींनी सुतळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "बाबाले दाखवलं होतं. बाबा म्हने, असी काडी कोण पुजंन. बाबा होते तवरी बाबाचा भेव. बाबा गेले, मंग मंडळवाल्याचा भेव. मंग कोनी नोहोतं तं सवयच झाली होती." ते थांबले. "चुकलं माझं."

बोलघेवड्या काकाजींना सगळ्यांत जड गेलेलं वाक्य ते हेच. खाली पडलेलं तणस काकींनी गोळा केलं, गाईला टाकायला गेल्या आणि बराच वेळ गाईशीच काहीतरी बोलत राहिल्या.

त्यानंतर हात चालला. मी कधी पाहिला नव्हता असा चालला. घटस्थापनेच्या चार दिवस आधी पोरं देवी पाहायला आली. मीही होते, शाळेला रजा टाकून. ओल्या रंगाची दुर्गा सिंहावर बसली होती. बारीक होती यात शंकाच नाही. गळ्याची हाडं दिसत होती. दंडांवर शिरा होत्या. खांदे घमेल्याखाली राहून रुंद झालेले. मान लांब, आणि हनुवटी एकच, पण अशी की कुणी वाद घालायला धजू नये. साचा वापरलाच नव्हता. चेहरा हाताने केला होता.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढारी पोराने मोबाइल वर धरला, देवीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं.

"काकाजी, स्लिम आहे," तो म्हणाला. "पन तशी स्लिम नाही."

"मंग कशी आहे?"

"हे तं... काकीवानी दिसून राहिली."

"मंग? स्लिम म्हनलं ना तुमीच?"

चार दिवसांत दुसरी देवी मिळणार नव्हती.

काकी मात्र मंडपात जायला तयार होईनात. "लोक हासतीन," एवढंच म्हणायच्या. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारातून ट्रॅक्टरवर बसून निघालं तर बाई आत जाऊन डाळ भिजवत बसली. मी समजावलं. काकाजी म्हणाले, राहू दे, येईल तेव्हा येईल, आणि स्वतः उदास होऊन ट्रॅक्टरमागे गेले.

घटस्थापनेच्या सकाळी बाया बांगड्या घेऊन आल्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी देवीला चुडा भरतात. आठ हात, दर हातात डझनभर. आता बायांनी आणलेल्या बांगड्या दरवर्षीच्याच मापाच्या, भरल्या हाताच्या. वर उचललेल्या हातांतल्या सरकन् कोपरापाशी जाऊन बसल्या. खालच्या, वरदान देणाऱ्या हातातल्या बोटांवरून घसरल्या आणि फरशीवर पडून वाढल्या. एक. मग आणखी तीन.

सणाच्या दिवशी, देवीच्याच हातातली बांगडी वाढली. मंडपात कुजबुज सुरू झाली. "वाळकीच केली तं आणखी काय होईन." "अपशकून आहे बाप्पा." पुढारी पोराने मोबाइल खिशात टाकला. काकाजी देवीच्या पायाशी काचा वेचत बसले होते. मान वर करत नव्हते. या बारीक देवीचं आयुष्य तासाभराचंच ठरतंय असं मला वाटलं.

मी धावत घरी गेले. धावत म्हणजे माझ्या परीने. काकींना सांगितलं. त्यांनी डाळीतून हात काढला, पुसला, देवळीतलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं आणि माझ्या पुढे चालायला लागल्या.

मंडपात बाया बाजूला झाल्या. काकींनी देवीकडे पाहिलं. पहिल्यांदाच डोळे भरून. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. हसलं कुणीच नाही. सगळ्या बाया एकदा वर पाहत होत्या आणि एकदा काकींकडे.

"स्टूल आणा रे," काकी म्हणाल्या.

त्या वर चढल्या. देवीच्या मनगटातली एक बांगडी हातात घेतली आणि तिच्या आतल्या बाजूने दोरा गुंडाळायला लागल्या, घट्ट, वेढ्याला वेढा लावून, बांगडी मनगटावर बसेपर्यंत. मग दुसरी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लग्नाचा चुडा पहिल्यांदा घसरला त्या दिवसापासून त्या स्वतःच्या बांगड्या अशाच घालत आल्या होत्या. पहिल्या बांगडीला त्या पदराच्या टोकाने डोळे पुसायला थांबल्या, मग थांबल्या नाहीत.

"पहिले पहिले तरास होते," दोरा गुंडाळता गुंडाळता त्या हलक्या आवाजात देवीला सांगत होत्या. "मंग सवय होते. गडबड नोको करू."

खाली मासोळीवाल्या बाईने रीळ धरलं. आणखी कुणी तरी नवा चुडा काढून दिला. बारीक अंगाच्या दोन-तीन पोरीसोरी पुढे सरकून गुंडाळायची रीत पाहायला लागल्या. काकाजी काचांचा रुमाल धरून उभे होते आणि त्यांची नजर स्टुलावर होती. मला म्हणाले, "पाय माय. आठ हात. पेलले का नाही?" मी म्हटलं, पेलले. ते आता नाहीत, पण काकाजी म्हटलं की मला ते काचांच्या रुमालासकट तिथेच उभे असलेले आठवतात.

सातव्या हाताचं काम चाललं असताना काठीचा आवाज आला. मोठीमाय आली होती. तिला आता नीट दिसत नव्हतं. दोघींनी धरून तिला पुढे आणलं. तिने मान वर करून देवीला न्याहाळलं, गळ्याची हाडं, दंडाच्या शिरा, मनगट. हात जोडले. आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"खात जाय वो माय जरा."

मंडपात कुणाला हसावं की पाया पडावं कळेना. काकींनी मागे वळूनही पाहिलं नाही. दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला आणि देवीच्या वतीने स्टुलावरूनच सांगितलं,

"खातो ना वो. आंगाले लागत नाही."